चोराचें नांव

मार्चमध्ये आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली पोरांसाठी पुस्तकांचं कपाट ठेवलं आणि मे महिन्यात त्याच कपाटावरनं बिल्डिंगमध्ये रडारड झाली. आता ओळखीच्या दोन-तीन सोसायट्यांतनं विचारणा होते, आम्हालापण असं करायचंय, कसं केलं सांगा, म्हणून जे झालं ते सगळंच एकदा लिहून टाकते, माझ्या चुकांसकट. पोरांची नावं घालत नाही, लहान आहेत, आणि एकाला आधीच पुरेसा त्रास झालाय.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे, म्हणजे शिक्षिका वगैरे काही नाही, हिशोब ठेवणारी बाई. गावात वाचनालय नाही असं अजिबात नाही, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं आहे, पण आठ-नऊ वर्षांचं पोरगं एवढ्या ट्रॅफिकमधनं एकटं कोण पाठवणार, आणि आईबापांना रोज वेळ नसतो. म्हणून कपाट. काचेचं जुनं शोकेस होतं तेच खाली नेलं, कुलूप नावापुरतं, हेअरपिननं पण उघडायचं, तरी किल्ली आपली असावी म्हणून आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलेली. एक शंभर पानी वही, नाव-पुस्तक-तारीख.

पहिली यादी मी केली आणि तिथंच माती खाल्ली. चरित्रं, संस्कारकथा, पाण्याचं महत्त्व. महिनाभरात वहीत सहा नोंदी, त्यातल्या दोन माझ्याच पोरीच्या, त्यापण मी डोळे वटारल्यावर. सहावीतल्या एकीनं तोंडावर सांगितलं, काकू, यात काय होणार ते पहिल्या पानावरच कळतंय. म्हटलं मग तुम्हीच सांगा काय आणू. तर सगळ्यांचं एकच, चोरी, खून, भूत, गुप्तहेर. खून म्हटल्यावर दोन आया माझ्याकडं आल्या. त्यांना चहा दिला, दुसरं काय करणार.

मग असं ठरलं की पुस्तक पोरांनी सुचवायचं, पण नुसतं 'भारी आहे' म्हणून नाही. कव्हरच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवायची, त्यात काय घडलंय, कुठं घडलंय, भीती किती वाटते. भीती मोजायला पोरांनीच मिरच्या काढल्या, एक मिरची म्हणजे आज्जीच्या शेजारी बसून वाचण्यासारखं, पाच मिरच्या म्हणजे रात्री बाथरूमला एकट्यानं जाता येणार नाही. आणि एकच कडक नियम, चोर सांगायचा नाही. दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून मीटिंग, मधे भडंगाचं पातेलं.

हा नियम दिसायला साधा आहे, पण पोरांची खरी कसरत तिथंच व्हायची. बाकी कुठल्या पुस्तकाची गोष्ट अख्खी सांगितली तरी चालून जातं, रहस्यकथेत तुम्हाला सगळं माहीत असतं आणि तरी समोरच्याची उत्सुकता वाढवायची असते. सातवीतला एकजण पहिल्यांदा उठला आणि 'यात एक माणूस आहे तो चांगला वाटतो पण...' एवढं बोलून थांबला, आणि सगळी पोरं ओरडली, कळलं कळलं, बस खाली! पुढच्या रविवारी तोच कसा बोलला बघा: "घरात पाच माणसं आहेत, पाचही खोटं बोलतात, पण खोटं बोलायची कारणं वेगवेगळी आहेत." त्या पुस्तकाला चार जणांची लाईन लागली. मला नसतं जमलं असं सांगायला.

आता पोरांनी काय काय सुचवलं ते थोडं सांगते, कारण विचारणारे मुळात तेच विचारतात.

फास्टर फेणे येणारच होता. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरनं सुसाट, तोंडात सारखं 'टॉक्'. बहुतेकांनी आधी २०१७ चा सिनेमा बघितलेला आणि मग पुस्तक घेतलं, तेव्हा पहिली तक्रार हीच की सिनेमातला मोठा आहे, हा तर आपल्याएवढाच आहे. ही तक्रार आहे की कौतुक हे मला कळेना, पण पुस्तकं फिरत राहिली. प्रतापगडावरचं जास्त फिरलं, कारण शाळेची सहल तिथं गेलेली. एकाच्या चिठ्ठीत, "याच्याकडे मोबाईल नाही म्हणून याला स्वतः जाऊन बघावं लागतं. तेच भारी आहे."

पण खरी हवा झाली ती फेलुदाची, म्हणजे बंगालीतल्या एका गुप्तहेराची. सत्यजित राय यांनी १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात त्याला आणला, ते मासिक त्यांच्या आजोबांनी १९१३ साली सुरू केलेलं, म्हणजे घरचंच. मराठीत अशोक जैन यांनी आणलाय. गोष्ट सांगतो तो फेलुदाचा चुलतभाऊ तोपशे, शाळकरी पोरगा, आणि लहान पोरांचा जीव तिथंच अडकतो, कारण तोपशेला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, फेलुदाच्या डोक्यात काय चाललंय ते दोघांनाही शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय जटायू, म्हणजे लालमोहनबाबू, जे स्वतः थरारक कादंबऱ्या लिहितात आणि त्यात माहितीच्या ढीगभर चुका करतात आणि फेलुदा त्या दुरुस्त करत बसतो. एक गोष्ट राजस्थानात जैसलमेरच्या किल्ल्याकडं जाते, एक तर चक्क आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाबांनी हरकत घेतली, हा माणूस सारखी चारमिनार ओढतो, पोरांपुढं कसला आदर्श. मुद्दा खोटा नाही. मी काही बोलायच्या आत पाचवीतल्या एकीनं चिठ्ठीत लिहून टाकलं, "फेलुदा सिगरेट ओढतो, ते वाईट आहे, बाकी सगळं चांगलं आहे." विषय मिटला.

इंग्लिश मिडीयमवाल्यांनी एनिड ब्लायटन आणलं, आणि फेमस फाईव्ह नव्हे तर ती दुसरी पाच पोरं, फॅटीवाली, फाईव्ह फाइंड-आउटर्स, १९४३ पासनं आलेली पंधरा पुस्तकं. मराठी मिडीयमच्या पोरांना ती इंग्लिशमधनं जड जायची, तर हे लोक सतरंजीवर बसून मराठीत सांगायचे, आणि बदल्यात त्यांना फेलुदा वाचून दाखवायला लागायचा कारण त्यांना जोडाक्षरं अडतात. ही देवाणघेवाण मी काही ठरवलेली नव्हती. फॅटीच्या नादानं दोन प्रयोग झाले. कुलूपबंद खोलीत दाराखालनं पेपर सरकवायचा, तारेनं बाहेरनं कुलपात राहिलेली किल्ली पाडायची, पेपरासकट आत ओढायची. आमच्या दारांना नाईट लॅच, किल्ली बाहेर राहतच नाही, त्यामुळं फेल. दुसरा अदृश्य शाईचा. लिंबाच्या रसानं लिहायचं, वाळल्यावर दिसत नाही, गरम केलं की रस कागदाच्या आधी करपतो आणि अक्षर तपकिरी उठतं. पोरांनी कागद अर्धा तास बल्बला धरला, काही नाही. एलईडी तापतो कुठं! शेवटी इस्त्री फिरवल्यावर उठलं. त्या पुस्तकांत गून नावाचा एक पोलीस आहे, जो प्रत्येक वेळी घाईनं चुकीच्या माणसाला धरतो. हा गून लक्षात ठेवा.

आता मुख्य प्रकरण.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सहावीतली ती, जिनं माझी यादी धुडकावली होती, फेलुदाचं एक पुस्तक घेऊन तणतणत वर आली. पहिल्या पानावर, आतल्या नावाच्या खाली, कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: 'चोराचें नांव' आणि पुढं ते नाव. तिचं पुस्तक वाचायच्या आधीच मेलं. मग आम्ही कपाट उपसलं तर अशी आणखी चार निघाली, सगळी डिटेक्टिव्हच. चारांवर पेन्सिल, एकावर बॉलपेन. वही बघितली तर त्या पाचही पुस्तकांचा कॉमन वाचक असा एकच पोरगा, सातवीतला, भडंगवाला. भडंगवाला अशासाठी की त्याच्या खिशात कायम पुडी असते, आणि दोन पुस्तकांच्या पानांवर तेलहळदीचे बोटांचे डाग होते.

रविवारी मीटिंगमध्ये जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. मी पुस्तकं मधे ठेवली आणि विचारलं कुणी केलंय सांगा, मी रागवणार नाही. हे वाक्य मोठी माणसं का वापरतात देवाला माहीत, कारण त्याचा अर्थ रागावणार असाच होतो. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. एकजण म्हणाला डाग बघा. दुसरा म्हणाला वही बघा. तो म्हणाला मी नाही केलं. मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं की डागावरनं फक्त एवढंच कळतंय की यानं पुस्तक वाचलंय, आणि ते तर वहीतच लिहिलंय, त्यात नवीन काय. पण मी काय म्हणाले, तर "बघ बाबा, खरं बोललास तर बरं." म्हणजे मी पण त्यालाच धरला. तो उठला, चपला घातल्या, गेला. पुढचे नऊ दिवस खाली आला नाही. क्रिकेटला पण नाही.

अकरा पोरं, उन्हाळ्याच्या सुट्टीत तीसेक रहस्यकथा पचवलेली, आणि पहिली खरी केस हातात आल्यावर दहा मिनिटांत निकाल. हिशोबात एक रुपयाचा फरक आला तर मी व्हाउचर सापडेपर्यंत घरी जात नाही, आणि इथं मी व्हाउचर मागितलंच नाही.

चक्र फिरलं ते त्या सहावीतलीमुळंच. दोन दिवसांनी संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली, म्हणाली काकू, यात स्पेलिंग मिस्टेक आहे. म्हटलं कुठाय. "नाव वर टिंब आहे. चोराचे वर पण आहे. चारही पुस्तकांत आहे. तो असं लिहीत नाही, मी त्याच्या चिठ्ठ्या बघितल्या." सगळ्या चिठ्ठ्या काढून बघितलेल्या तिनं, अकराच्या अकरा पोरांच्या. कुणीच नावावर टिंब देत नव्हतं. आणि पेनानं लिहिलेल्या पाचव्या पुस्तकात टिंब नव्हतं, तिथं नुसतं 'चोर' आणि नाव.

ग्राऊंड फ्लोअरला रिटायर्ड मराठीचे सर राहतात, आमचे सगळ्यांचे आजोबा. त्यांना दाखवलं तर ते खुर्चीतनं उठूनच बसले. म्हणाले ही चूक नव्हे गं, हे जुनं शुद्धलेखन आहे. पूर्वी नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं असं लिहायचे, ती टिंबं उच्चारात नसायची, पण मूळ शब्दात कुठंतरी म किंवा न होता त्याची खूण म्हणून, किंवा व्याकरणासाठी, द्यायची पद्धत होती. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि असली न उच्चारलेली टिंबं गेली. "म्हणजे," सर म्हणाले, "हे लिहिणारा माणूस त्याच्या आधी अक्षरं गिरवून बसलेला पाहिजे."

पोरगी एक सेकंद गप्प, मग म्हणाली, "सर, तुम्ही कधी शिकलात?"

सर इतके हसले की ठसका लागला. पण तिनं सोडलं नाही, त्यांच्याकडनं एका कागदावर लिहून घेतलं. सर टिंबं देत नाहीत, कारण आयुष्यभर पोरांना नवे नियम शिकवून हात बदलला. मग यादी झाली. बिल्डिंगमध्ये त्या वयाची माणसं चार. सर सुटले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बारीक अक्षर अशक्य. मागच्या बाजूच्या आज्जी कानडी शाळेत शिकलेल्या, मराठी बोलतात झकास पण लिहीत नाहीत. राहिल्या माझ्या सासूबाई, आणि मी म्हटलं छे, आई कशाला पोरांच्या पुस्तकांना हात लावतील, त्यांचं वाचन म्हणजे पोथी आणि पेपर. पोरगीनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. आता वाटतं की तिला तेव्हाच कळलेलं.

दरम्यान पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न होताच. खोडरबरनं खोडलं तर कागदावर वळ राहतात, तिरकं धरलं की वाचता येतं, हे पोरांनी लगेच करून दाखवलं. तर चौथीतल्या सगळ्यात लहान मेंबरनं तोडगा काढला, काकू, खोडू नका, खाली बाकीच्या सगळ्यांची पण नावं लिहा. चोर हा, चोर तो, चोर फेलुदा स्वतः, चोर उंट. आता त्या पानांवर आठ-आठ चोर आहेत आणि कुणाला काही कळत नाही.

मी भडंगवाल्याच्या घरी गेले. एकटी, पोरं न घेता. त्याच्या आईला आधी सांगितलं की चूक माझी आहे, मग त्याला सांगितलं. टिंबाचं सांगितलं, तुझ्या चिठ्ठीत टिंब नाही हे सांगितलं. तो म्हणाला, "मग तेव्हा का नाही बघितलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी दिलं पण नाही. म्हटलं उद्या कपाट तू उघडशील का, किल्ली आमच्याकडनं घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी तो किल्ली घ्यायला आला. स्वयंपाकघरात गेला आणि खिळ्यापाशी उभाच राहिला. मी दोनदा हाक मारली. मग बाहेर येऊन माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "काकू, केस तुमच्याच घरातली आहे. कॅलेंडर बघा. मी कुणाला सांगत नाही."

कॅलेंडर. कित्येक वर्षं त्या भिंतीवर दर वर्षी नवीन कॅलेंडर लागतं आणि कित्येक वर्षं सासूबाई त्यावर पेन्सिलीनं दुधाचा हिशोब लिहितात आणि मी दर महिन्याला तो वाचून गवळ्याचे पैसे देते. '४ तारीख, दूध आलें नाहीं.' '११, पांच लिटर, पाहुणे.' तेच बारीक अक्षर, तीच टिंबं. तो पोरगा नऊ दिवस घरात बसून होता, त्याला सगळ्यात जास्त हौस असायला पाहिजे होती ओरडून सांगायची, आणि तो कानात सांगून किल्ली घेऊन खाली गेला.

सासूबाईंना विचारलं तर त्या अजिबात हलल्या नाहीत. "मग? खूण करायला नको? वाचलेलं पुस्तक परत हातात आलं तर दोन दिवस फुकट जातात. माझे डोळे काय आता नवीन मिळणारेत?" पूर्वी पेठेत घरपोच पुस्तकं देणारी लायब्ररी होती, पिशवी घेऊन माणूस यायचा, तिथली सगळी बायकामंडळी असंच करायची म्हणे, कुणी सतराव्या पानावर फुली, कुणी पान नंबरभोवती गोल. फुलीचा घोळ व्हायचा कारण फुली कुणाचीही असू शकते, म्हणून यांनी चोराचं नाव लिहायला सुरुवात केली, नाव बघितलं की अख्खी गोष्ट आठवते. दुपारी पोरं झोपली किंवा टीव्हीपुढं असली की खाली शतपावलीला म्हणून जायच्या आणि पदराखाली पुस्तक घेऊन यायच्या. मी ऑफिसला. आणि हे व्यसन आजचं नव्हे, लग्नाआधी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, झुंजार, काळा पहाड, वडिलांपासनं लपवून धान्याच्या कोठीमागं बसून वाचलेल्या. लग्न होऊन आल्यावर इथं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एवढी वर्षं मी त्यांना पोथी आणून देत होते.

भडंगवाल्याचं कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. रविवारी स्वतः खाली आल्या, सतरंजीवर बसता येत नाही म्हणून खुर्ची, आणि सगळ्यांपुढं म्हणाल्या, ते माझं काम होतं, याचा काही संबंध नव्हता. पोरं अवाक. मग सहावीतली म्हणाली, "म्हणजे आपण सगळे गून झालो," आणि भडंगवाला पहिल्यांदा हसला. सासूबाईंना गून कोण ते माहीत नव्हतं, त्यांना अख्खं पुस्तक सांगायला लागलं, त्यात अर्धा तास गेला.

आता त्यांच्या नावाची वेगळी वही आहे, खूण तिथं करायची, पुस्तकात नाही. किल्ली भडंगवाल्याकडं असते. कुणावर संशय आला तर मीटिंगमध्ये नाव घ्यायचं नाही, आधी पुरावा त्याच्याकडं द्यायचा, हा नियम त्यानंच वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. आणि पोरांच्या हट्टामुळं आज्जींना पण चिठ्ठी लिहायला लागली. त्यांची पहिली चिठ्ठी अशी: "मिरची एक. मला चोर अर्ध्यांत कळला. तुम्हांला कळणार नाहीं. नांव सांगत नाहीं."

राहता राहिलं ते पाचवं पुस्तक, बॉलपेनवालं. ते माझं नव्हे, पुस्तकात पेनानं कोण लिहितं, असं सासूबाई ठामपणे म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण भडंगवाल्यानं परवा पुस्तक परत वाचून काढलं तर तिथं ज्याचं नाव लिहिलंय तो चोर नाहीच. कुणीतरी मुद्दाम चुकीचं नाव लिहून ठेवलंय. पोरं चिठ्ठ्यांची अक्षरं जुळवत बसलीत आणि यावेळी मला काही सांगत नाहीत.